पाय की गाठ

गजा, तुझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलायला लागलेत आणि मला ते सहन होत नाही.

लेस्टरच्या हॉलमध्ये तुझा फोटो मांडला होता. रंजूने हार घातला होता. एकेक जण उठून सांगत होता, गजाननकाका किती हसतमुख, किती मायाळू, परक्यालासुद्धा कसा जीव लावायचे. मी पहिल्या रांगेत. मंडळाच्या बाई वाकून म्हणाल्या, "काका, तुम्ही मेहुणे त्यांचे, दोन शब्द बोला ना." मी मान हलवली. दोन शब्दांत तुझं काही भागणार नव्हतं. मग त्या म्हणाल्या, अंकासाठी लिहून द्या, तारखा नकोत, आठवणी लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं. पण मजकुरातला एक शब्द बदलला तर कागद परत घेईन, हे त्यांना बजावून ठेवलंय.

तुला पेटीत सूट घातला होता. टाय लावला होता. गालांना काहीतरी फासलं होतं, त्यामुळे तू लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होतास. जन्मभर उघड्या अंगाने होडीत बसलेला माणूस, आणि जाताना टाय! मला हसू आवरेना. सुलूने माझ्या दंडाला चिमटा काढला. तिला आता दिसत नाही धड, सगळं धुक्यातलं दिसतं, पण मी कधी हसतो ते तिला अंधारातही कळतं.

सुलू म्हणजे माझी बायको, तुझी थोरली बहीण. आणि रंजू तुझी मुलगी. हे वाचणाऱ्यांसाठी लिहितो.

तुला मी उठताबसता 'मेल्या' म्हणायचो. परवा तुझी आठवण निघाली आणि तोंडात तेच आलं, मग जीभ अडली. आता ती शिवी राहिली नाही.

भांडण मात्र अर्धं टाकून गेलास. मी इथे पिनरला मुलाच्या घरात खिडकीशी बसून एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो. तुझी बाजू मला तोंडपाठ आहे.

वाचणाऱ्यांना बेटाचं सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल म्हातारा चळला.

आपण दोघं तेव्हा ऐन जवानीत होतो. मुंबईतला एक एजंट परदेशच्या कामाला माणसं जमवत होता. आपण गेलो. बोटीने नेऊन उतरवलं ते कुठे, तर भर समुद्रात नारळांची एक पट्टी. नकाशावर बघायला गेलं तर माशीने घाण केल्यासारखा ठिपका. काम धक्का बांधायचं. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून लोखंड ठोकायचं, सिमेंट वाहायचं. बोटं फाटायची, खारं पाणी झोंबायचं. राहायला पत्र्याची शेड. जेवायला डाळ, भात आणि डब्यातला मासा. चहूकडे समुद्र, आणि आपण दर्यावर जन्मलेली माणसं डब्यातला मासा खातोय! पहिल्याच आठवड्यात तू तो डबा भटारखान्याच्या दारात आपटलास आणि म्हणालास, "भावोजी, हा मासा माझ्या आधीचा मेलाय."

मोठ्या साहेबाला शेवंडं, म्हणजे इथे ज्यांना लॉबस्टर म्हणतात ती, फार आवडायची. त्याने तुझं ऐकलं आणि मुकादमाकडून विचारलं, ह्या दोघांना शेवंडं धरता येतात का? तू मला न विचारता हो म्हणालास. तेव्हापासून रविवारची होडी आपली. साहेबाला बादलीभर शेवंडं, बाकी जे मिळेल ते शेडमधल्या सगळ्यांना.

आपल्या गावच्या खाडीत मी बुडी मारायचो ती चाचपत. जाळं अडकलं, नांगर अडकला, की गढूळ पाण्यात डोळे मिटून हाताने शोधायचं. बेटावर मी पहिल्यांदा पाण्याखाली पाहिलं, आणि ते तुझ्यामुळे. तू लॉरीच्या ट्यूबचा तुकडा कापलास, त्यात काच बसवलीस, कडेने डांबर लावलंस, आणि माझ्या तोंडावर बांधलंस. मी खाली गेलो. होडीची सावली तळाला वाळूवर पडली होती. तिच्यातून निळे मासे जात होते. पोवळ्याचे डोंगर, त्यांच्या कपारीतून शेवंडांच्या मिशा हलत होत्या, जशा काही बायका चिकाच्या पडद्याआडून बघतात. मी वर आलो आणि तुला आईवरून शिवी दिली. दुसरं काही सुचलंच नाही. तू म्हणालास, "आवडलं वाटतं."

हे तुझं देणं मी मान्य करतो. इथवरच मान्य करतो.

आमच्या घराची एक रीत. माझ्या आजोबांपासूनची. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक मेहुण्याच्या हातात द्यायचं. भावाच्या नाही, मित्राच्या नाही. भावाचा डोळा वाटणीवर असतो, मित्राला दुसरे मित्र असतात. मेहुण्याची बहीण मात्र आपल्या घरात असते. दोरी सोडली तर कुंकू तिचंच पुसलं जाणार, मग तो कशाला सोडील? रीत एवढीच नाही. दोरी हातातच धरायची, कशाला बांधून ठेवायची नाही. आणि दोरी हातात असताना गळ टाकायचा नाही. एक हिसका म्हणजे सैल सोड. दोन म्हणजे ओढ.

माझ्या लग्नाच्या बोलणीत माझ्या बापाने हुंड्याचं विचारलं नाही, मुलीला स्वयंपाक येतो का विचारलं नाही. तू कोपऱ्यात उभा होतास, मिसरूड नुकतं फुटलेलं. तुला विचारलं, "दोरी धरतोस का रे?"

तू म्हणालास, "धरतो."

झालं. लग्न ठरलं.

आता तो रविवार. तू हा किस्सा शंभर वेळा सांगितलास, एकदा मी सांगतो.

त्या दिवशी धक्क्याच्या बाजूला काही मिळेना म्हणून आपण बाहेरच्या खडपापर्यंत, पाण्यातल्या खडकांपर्यंत, वल्हवत गेलो. तिथे तळ खोल. मी कमरेला सुंभाची दोरी बांधली. नारळाच्या काथ्याची ती दोरी, हात सोलवटणारी, पण ओली झाली की जास्तच घट्ट. पायात धोंडा घेऊन खाली गेलो. एका फळीसारख्या पोवळ्याखाली भलंथोरलं शेवंड बसलेलं. मी उजवा हात आत घातला. शेवंड हाताला लागलं, मी ओढलं, आणि वरची फळी सरकून माझ्या पंजावर बसली.

मी घाबरलो नाही. वर तू होतास. डाव्या हाताने दोरीला दोन हिसके दिले.

काही नाही.

परत दोन दिले. पाय खडपाला रोवून, सगळ्या अंगाने दिले. दोरी ताठ झाली आणि ताठच राहिली. वरून ओढ नाही, खालीवर नाही. भिंतीला बांधलेल्या गुरासारखा मी तिथे. छातीत आग पेटली. तेव्हा काय मनात येतं ते लोक विचारतात. देव येतो का, आई येते का. मला तू आलास. मला वाटलं, गजाला काहीतरी झालं. मुशीने, शार्कने ओढला असेल, नाहीतर चक्कर आली असेल. मरता मरता मी तुझी काळजी केली, गजा. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मग मी हात फाडून काढला. दोन बोटांचं मांस तिथेच राहिलं. कानात फटाका फुटल्यासारखं झालं. वर आलो, होडीची कड धरली, काचेत अर्धं पाणी आणि अर्धं रक्त. आणि बघतो तर तू धडधाकट. अंगावर ओरखडा नाही. दोन्ही हातांत गळाची दोरी, मागे रेललेला, आणि पाण्यात एक गोबरा मासा, पाटीएवढं तोंड वासून.

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "भावोजी, थांबा जरा. हा आधी वर घेतो."

आणि घेतलास. आधी मासा, मग मी.

मी कडेला लोंबकळत होतो तेव्हा दोरीचा विळखा होडीच्या आडव्या फळीला दिसला. गाठ. मी ती पाहिली. तू म्हणतोस, गाठ नव्हती, दोरी तुझ्या पायाखाली होती, मी वर येताना ती सैल पडून फळीवर अडकली. तू म्हणतोस, दोरी पायाखाली दाबून धरली होती, पण मासा असे हिसके देत होता की कुठला हिसका कुठला ते कळलं नाही. मी म्हणतो, पाय नव्हता, गाठ होती. बांधून ठेवलंस मला, आणि गळ टाकलास. आपलं भांडण ह्याच्या पुढे कधी गेलंच नाही. पाय की गाठ. त्याच्या पलीकडचं कोणी बोललंच नाही.

त्या संध्याकाळी सगळ्या शेडने तो गोबरा खाल्ला. वाहवा केली. मला भटाऱ्याने पेज दिली.

आणि मग तू काय केलंस ते लिहायला हवं, नाहीतर म्हणशील एकीकडचं लिहिलं. माझा हात सुजून कोपरापर्यंत काळा पडला. तू मला भरवलंस. घास करून, काटे काढून. माझी लुंगी धुतलीस, मला आडोशाला नेऊन बसवलंस आणि नंतर धुतलंसही. मी शिव्या द्यायचो, तू मान खाली घालून पाणी ओतायचास. माझ्या वाटचं सिमेंट तू वाहिलंस, म्हणजे साहेबाने मला परत पाठवू नये. लंगडत वाहिलंस. तुझाही पाय पिकला होता तेव्हा. मी विचारलंसुद्धा नाही कशाने.

शेडमधली माणसं म्हणायची, असा मेहुणा नशिबाने मिळतो. मीही तसंच समजलो. मूर्ख.

घरी परतलो आणि तुझं तोंड परत सुरू झालं. लग्नात, बारशात, पुढे इथे इंग्लंडात मंडळाच्या दिवाळीत, कुठेही चार माणसं जमली की तुझं सुरू. "त्या दिवशी मी दोन काढले! एक गोबरा आणि एक भावोजी! गोबरा जड होता, भावोजी जास्त ओरडले!" लोक पोट धरून हसायचे. दर वर्षी गोबरा हातभर वाढायचा. मी म्हणायचो, "गाठ होती." तू म्हणायचास, "पाय होता, भावोजी. हा बघा वळ!" आणि भर पंगतीत चप्पल काढून पाय वर करायचास. मी बघायचो नाही. म्हणायचो, "पोवळ्याने कापलं असेल." सुलू म्हणायची, "अहो, त्याला तो पाय खाली घ्यायला सांगा, माणसं श्रीखंड खातायत."

सुलूने कधी विचारलं नाही, पाय होता की गाठ. ती म्हणायची, दोघं घरी आलात ना, मग पुरे. पण माझ्यामागे ती तुझीच बाजू घ्यायची, मला ठाऊक आहे.

त्या दिवशी फुटलेला माझा डावा कान पुन्हा बरा झाला नाही. त्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून तू मुद्दाम माझ्या डावीकडे बसायचास. त्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजायचास आणि समोरचे हसायचे. मी मान वळवून "काय?" म्हटलं की तू म्हणायचास, "काही नाही भावोजी, तुमची स्तुती करत होतो."

इथे नर्सांची भरती चालू होती तेव्हा रंजू लेस्टरला आली, मागून तुला घेऊन आली. माझा मुलगा कॉम्प्युटरच्या कामाला लंडनला आला, त्याने आम्हाला आणलं. मला वाटलं होतं, सात समुद्र पार तरी तुझ्यापासून सुटका होईल. तू आधीच येऊन बसलेला. पहिल्याच फोनवर म्हणालास, "या भावोजी, इथे पाणी फार थंड आहे, पण मी दोरी धरतो."

मी ट्रेनने लेस्टरला यायचो. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात बर्फातली सुरमई बघून आपण दोघं नाकं मुरडायचो. तू दुकानदाराला म्हणायचास, "हिचं श्राद्ध कधी घातलंत?" मग आपण कनालवर जायचो, तू नवा छंद धरला होतास. ह्या लोकांची रीत तुला कळल्यावर तू दोन दिवस हसत होतास. मासा पकडायचा, कुरवाळायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. म्हणायचास, "म्हणजे नुसता त्याला त्रास द्यायचा, होय?"

एकदा तुला चांगला मोठा लागला. जाडजूड, सोनेरी खवल्यांचा. शेजारचा गोरा उठून उभा राहिला, तू काय करतोस बघायला. तू गुडघ्यावर बसलास, गळ सोडवलास, दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरून ठेवलास, तो श्वास घेईपर्यंत, आणि मग अलगद सोडलास.

मी मागून म्हणालो, "हा बरा सोडवता आला तुला."

तू उठला नाहीस बराच वेळ. मला कळलं, वर्मी बसलं. मला बरं वाटलं, गजा. आजही वाटतं. मेलेल्याशी खोटं बोलून काय मिळवायचंय?

मग साखरेने तुझी किडनी खाल्ली. माझ्याही अंगात साखर आहे, पण मी औषध घेतो, तू जिलेबी घ्यायचास. हॉस्पिटलात भेटायला आलो तेव्हा तू पांढऱ्या चादरीत एवढासा झाला होतास. रंजू म्हणाली, "आतोबा, बाबांच्या पायांना जरा क्रीम लावता का? स्किन फार ड्राय झालीय. वॉर्डमध्ये आज स्टाफ कमी आहे, मी डॉक्टरांना गाठून येते."

मी थोरला, तू धाकटा. तुझ्या पायांना हात लावायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. लावला. उजवा झाला, डावा घेतला. तळव्याच्या मधोमध आडवी रेघ. पांढरी, गुळगुळीत, बोटाएवढी रुंद, आणि तिच्या कडेला बारीक ठिपके.

पोवळं असं कापत नाही. पोवळं वेडंवाकडं फाडतं. ही सुंभाची रेघ होती. दोरी दाबाखालून हिसक्याने सरकते आणि जाळत जाते, तिची. माझा सगळा जन्म दोरीच्या कामात गेला, दुसरं काही मला येत नाही, पण दोरीचा वळ मला कळतो. तीस वर्षं तू हा पाय माझ्या तोंडासमोर नाचवलास आणि मी बघितलं नाही. पाय होता. गाठ नव्हती.

तू माझ्याकडे बघत होतास. "काय भावोजी?"

मी म्हणालो, "काही नाही. पाय साबणाने धूत जा."

तेव्हा तू हात उचललास, माझी कॉलर धरलीस आणि मला खाली ओढलंस. डावीकडे. माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलंस आणि बोललास. बराच वेळ बोललास. तुझे ओठ कानाला लागत होते, श्वास गरम होता, मधे एकदा तू थांबलास आणि परत सुरू केलंस. मी मान वळवली, उजवा कान पुढे केला. म्हटलं, "परत सांग."

तू डोळे मिटलेस आणि हसलास. तेच, पंगतीतलं.

रंजू दारात उभी होती. "काय म्हणाले बाबा?"

मी म्हणालो, "माझी स्तुती करत होता."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कोणाला सांगितलं नाही. रडलो नाही. मी हरलो होतो, त्याने जेवण जात नव्हतं. पाय होता म्हणजे तू रीत पुरती मोडली नव्हतीस. दोरी बांधून ठेवली नव्हतीस. मी इतकी वर्षं उगाच तुझ्या नावाने खडे फोडले असं झालं. आणि तू तर सुटलास, माझी जिरवायलाही थांबला नाहीस.

मग रंजूने सांगितलं, "आतोबा, बाबांनी सांगून ठेवलंय. अस्थी समुद्रात, मडक्यातून, दोरीने सोडायच्या. आणि दोरी तुमच्या हातात. दुसऱ्या कोणाच्या नाही."

बघ तुझा निर्लज्जपणा. आमच्या घराची रीत आम्हालाच शिकवून गेलास.

लेस्टरहून जवळचा समुद्र म्हणजे स्केगनेसच्या बाजूचा. त्याला समुद्र म्हणायचं असेल तर म्हणा. चहात दूध जास्त झाल्यासारखं पाणी. रंजूने एक होडीवाला ठरवला होता. मडकं बेलग्रेव्ह रोडवरचं, सुंभ इथे कुठे मिळणार, म्हणून निळी नायलॉनची दोरी. मी मडक्यात धोंडे घातले, तोंडाला लाल कापड बांधलं आणि गळ्याशी दोरीला गाठ मारली. हवी तिथे गाठ मारावी माणसाने. सुलू शालीत गुंडाळून बसली होती, रंजूचा हात धरून. तिला पाणी दिसत नव्हतं. वास घेत होती.

मी दोरी सोडत गेलो. मडकं तळाला टेकलं ते हाताला कळलं. म्हटलं, पोचलास. आता टोक सोडून द्यायचं, की संपलं.

मी सोडलं नाही. खाली वाकलो, डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि दोरी पायाखाली घेऊन हात वर केले.

रंजू ओरडली, "आतोबा, काय करताय? पाय गारठेल तुमचा!"

माझ्या पायांत साखरेने जीव राहिलेला नाही. जीपी डॉक्टरकडची नर्स पिन टोचते आणि विचारते, कळतंय का? मी नाही म्हणतो. तसला पाय, गजा. मेलेला पाय. आणि त्याला सगळं कळलं. ओहोटीने मडकं जरा सरकलं, कळलं. एका धोंड्याला अडलं, कळलं. सुटलं आणि परत ओढ बसली, ते तर गुडघ्यापर्यंत कळलं. होडी हेलकावत होती, इंजिन धडधडत होतं, तरी खालचा हिसका वेगळा आणि होडीचा वेगळा, हे आंधळ्यालाही कळावं असं कळत होतं.

आणि तुझा पाय जवान होता. उघडा होता. दोरी सुंभाची होती. मी अंगातला सगळा जीव लावून ओढली होती, अशी की तिने तुझा तळवा जाळला आणि ती रेघ तू चितेपर्यंत नेलीस.

तुला कळलं होतं.

दोन हिसके. परत दोन. तुला कळले, तू गोबऱ्याकडे बघितलंस, आणि पाय तसाच दाबून धरलास.

गाठ असती तर बरं झालं असतं रे. गाठ मारणारा माणूस विसरलेला असतो. मी इतकी वर्षं तुझ्यावर विसरल्याचा आळ घेत होतो आणि तू तो पत्करत नव्हतास. उठून उठून पाय दाखवत होतास. प्रत्येक पंगतीत, प्रत्येक लग्नात, माझ्या तोंडासमोर. आणि लोक हसत होते.

मागून सुलूचा आवाज आला. "रंजू, काय करतोय हा माणूस?"

"आत्या, त्यांनी रोप पायाखाली घेतलाय."

सुलूने शाल सावरली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "अहो, खालचं काही लागतं का हो पायाला?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण जरा बाजूला, जिथे मी नव्हतो तिथे. तिला भाऊ एकच होता.

मी म्हणालो, "नाही. काही लागत नाही. मडकं कुठे गेलं तेसुद्धा कळत नाही."

"मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "जन्मभर छळलंत माझ्या भावाला." आणि मग रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली, मोकळी, होडीवाल्याने इंजिन बंद केलं इतकी. मी म्हणालो, "चुकलं माझं." हे शब्द मी बापासमोर म्हटले नाहीत, साहेबासमोर म्हटले नाहीत. तुझ्यासाठी म्हणावे लागले. तू जिंकलास. तेही मी खोटं बोललो म्हणून.

मग दोरी परत हातात घेतली. कशाला बांधली नाही. टोक येईपर्यंत धरली, मग सोडली.

अंक घरी आला की सुलूला मीच वाचून दाखवतो. हे पान मी उलटून पुढे जाईन. रंजू वाचील, वाचू दे. बाप कसा होता ते मुलीला माहीत असावं. पण रंजू, आत्याकडे ह्यातलं एक अक्षर काढायचं नाही. बाकी ज्यांनी हॉलमध्ये उठून भाषणं केली, त्यांनीही वाचावं आणि तोंड बंद ठेवावं.

आणि गजा, हॉस्पिटलात तू जे बोललास, ते मी रात्रंदिवस आठवायचा प्रयत्न करत होतो. ओठ कसे हलले, श्वास कुठे थांबला, त्यावरून शब्द जुळवत बसायचो. आता ते बंद केलंय. मला ते नको. माफी मागितली असशील तरी नको, नि गोबऱ्याचा विनोद केला असशील तरी नको. बरं झालं, तो कान तू आधीच फोडून ठेवलास.